कुणी तोडला?

मागच्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल गोव्याला गेली. निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा नेहमीचा रस्ता. आंबोलीच्या वळणांवर अर्ध्या बसला उलट्या झाल्या आणि उरलेली अर्धी बस गाणी म्हणत होती. जुन्या गोव्यात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मुलं भुकेली होती. इतिहास सांगायला याच्याइतकी वाईट वेळ दुसरी नसते. तरीही सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यासमोर आल्यावर सगळी आपोआप गप्प झाली.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. टेकडीवर जांभ्या दगडाचा एक मनोरा उभा आहे. सुमारे ४६ मीटर उंच, चार मजल्यांचा, आणि उभा अर्धा कापल्यासारखा. कमानी अर्ध्या, खिडक्या उघड्या. मागे चर्च असायला हवं तिथे भिंतींचे बुंधे आणि जमिनीवर कोरीव थडग्यांच्या शिळा. छप्पर म्हणून फक्त आभाळ.

सातवीतला एक मुलगा मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टीचर, ये मिनार किने तोड्या?"

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडेल तेव्हा उर्दूही. त्यामुळे मुलांच्या तोंडचा शब्द आधी कानाला लागतो, अर्थ नंतर. तो त्याला ‘मिनार’ म्हणाला, ते मला आवडलं. अरबीत ‘मनारा’ म्हणजे उजेडाची, दिव्याची जागा. मशिदीच्या मिनारालाही तोच शब्द आणि समुद्रकाठच्या दीपस्तंभालाही. पण माझ्या डोक्यात अडकला तो त्याचा दुसरा शब्द. किने. कुणी. मोडलेलं काही दिसलं की आमच्या मुलांना आधी मोडणाऱ्याचं नाव हवं असतं. मुलांना तरी काय बोलायचं? घरात, मोबाइलवर, चहाच्या गाड्यावर ती हेच ऐकत वाढतात. कुणाचं काय कुणी तोडलं, कधी तोडलं, आणि आता त्याचं काय करायचं.

मी म्हणाले, "किनेच नहीं तोड्या बेटा. पानी ने तोड्या."

त्याला ते पटलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण खरी गोष्ट तीच आहे. ऑगस्टिनियन साधूंनी हे चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधलं. सव्वादोनशे वर्षं ते नांदतं होतं. मग १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धार्मिक संघ बंद केले आणि साधूंना जावं लागलं. म्हणजे ख्रिस्ती राजवटीनेच ख्रिस्ती मठ रिकामा केला. त्यानंतर छपरावर चढून कौल बदलणारं कोणी उरलं नाही. गोव्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. सातच वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चची कमानदार छत खाली आली. मनोरा आणि दर्शनी भिंत त्यानंतरही जवळजवळ नव्वद वर्षं उभी होती. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा कोसळला. उरलेला अर्धा आज पुरातत्त्व खातं सांभाळतं आहे. तो पूर्ण करायचा प्रयत्न त्यांनी केलेला नाही. आहे तेवढा पडू द्यायचा नाही, एवढंच. मला हे बरोबर वाटतं. थोड्याच अंतरावर से कॅथेड्रल आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा कधी बांधला गेला नाही. अडीचशे वर्षं ते चर्च एका खांद्यावर उभं आहे, आणि त्याची सोन्याची घंटा उरलेल्या मनोऱ्यात वाजते.

"और घंटा?" दुसऱ्या मुलीने विचारलं. "टावर में घंटा रहती ना?"

ती संध्याकाळी दाखवते म्हटलं. पणजीच्या बाजारातून वर बघितलं की नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचं जे चर्च दिसतं, सिनेमात हमखास असतं तेच, त्याच्या मधल्या उंच भागात ऑगस्टिनची घंटा आहे. सव्वादोन हजार किलोंची. मठ ओस पडल्यावर ती आग्वादच्या किल्ल्यावर गेली, तीसेक वर्षं तिथे राहिली आणि १८७१ मध्ये पणजीला आली. त्या चर्चला एवढी घंटा पेलेल असा मनोरा नव्हता, म्हणून खास तिच्यासाठी तो वर चढवला. म्हणजे एका ठिकाणी घंटेविना मनोरा उरला आणि दुसरीकडे घंटेसाठी मनोरा बांधावा लागला. मुलांना हे फार आवडलं. पायऱ्यांवर त्यांनी इतके फोटो काढले की बसवाला वैतागला.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. पण पाण्याने मनोरा कसा पडतो हे मला अब्बांनी शिकवलं होतं.

अब्बा गवंडी होते. चुन्याचे गवंडी, हे ते स्वतः आवर्जून सांगायचे. सिमेंटचं काम त्यांनी आयुष्यभर केलं, पोटासाठी करावंच लागलं, पण ओळख सांगताना ‘चुनेका काम’. त्यांच्या लहानपणी पन्हाळ्याच्या बाजूला त्यांनी चुन्याची घाणी चालताना पाहिली होती. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. भिजवलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी त्यात घालून तासन् तास मळायची. वरून गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. अम्मी म्हणायची की ह्यांच्या बांधकामात माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त गूळ जातो.

१९७८ च्या सुमारास, माझ्या जन्माआधी, एका ठेकेदाराबरोबर ते सावंतवाडीच्या पलीकडे एका छोट्या चर्चच्या कामाला गेले. घंटेच्या मनोऱ्याला तडे गेले होते. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की तो मनोरा मी चढल्यासारखा मला आठवतो. आतून लाकडी शिडी, प्रत्येक पायरीवर वटवाघळांची घाण. वर चारही बाजूंनी उघड्या कमानी आणि मधे एका जाड सागवानी तुळईला टांगलेली घंटा. ठेकेदाराने खालूनच बघून सांगितलं होतं की तडे सिमेंटने भरा, रंग मारा, आठ दिवसांचं काम. अब्बा वर जाऊन बसले. संध्याकाळी दोर ओढणारा पोऱ्या आला, त्याला वाटलं वर कोणी नाही. त्याने दोर ओढला. अब्बा सांगायचे, "कान गया समझो. पर हाथ दीवार पे था मेरा." घंटा झुलली की तुळई हलत होती आणि तुळई हलली की भिंत. हाताला कळत होतं. घंटेचं नुसतं वजन भिंतीला जड नसतं, वजन सरळ खाली जातं. जड असतो तो झोका. तो भिंतीला बाजूने ढकलतो, एकदा इकडे, एकदा तिकडे, रोज.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुळईची टोकं उकरून बघितली. पूर्वी कोणीतरी केलेल्या दुरुस्तीत टोकं भिंतीत सिमेंटने गच्च बसवली होती. पावसाचं पाणी कमानीतून आत यायचं, लाकडाच्या टोकाशी मुरायचं आणि बाहेर पडायला वाट नाही. टोकं आतून भुगा झाली होती, बोट खुपसलं की आत जायचं. म्हणून तुळई ढिली, म्हणून झोका भिंतीला बसत होता, म्हणून तडे. तडे हा आजार नव्हताच. चेन-पुलीने घंटा खाली उतरवून, तुळईची टोकं कापून, नवीन जोड देऊन, खाली सपाट दगड बसवून ती पुन्हा चढवली. आणि टोकांच्या भोवती बोटभर हवा ठेवली. लाकूड ओलं झालं तरी वाळायला हवं म्हणून. तडे त्यानंतर चुन्याने भरले. आठ दिवसांचं काम अडीच महिने चाललं. ठेकेदार चिडला होता, पण तिथले फादर अब्बांच्या बाजूने उभे राहिले.

अम्मीची सासू, म्हणजे आमची दादी, तेव्हा हयात होती. गिरजाच्या कामाचा पैसा घरात कसा आणायचा, ही तिची शंका. अब्बांनी तिला काही समजावलं नाही. ते मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना घेऊन आले. इमामसाहेबांनी चहा घेतला आणि दादीला सूरह हज्जची चाळिसावी आयत वाचून तिचा अर्थ सांगितला. त्या आयतीत जमीनदोस्त होण्यापासून वाचवलेल्या जागा मोजल्या आहेत. साधूंचे मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि मशिदी, सगळ्या एका ओळीत. मशिदीचं नाव शेवटी येतं. दादीने त्या पैशातून पहिल्यांदा अब्बांसाठीच चप्पल आणवली.

सहलीच्या आधी एका पालकांनी मला जवळपास दादीचाच प्रश्न विचारला होता. "टीचर, बच्चों को गिरजे में काय कू लेके जाते?" मी त्यांना म्हणाले, भाईजान, आपण कोल्हापुरात राहतो. वाइल्डर मेमोरियल चर्चवरून तुमची रिक्षा रोज जाते. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये या गावात आले. त्यांचा मुलगा इथेच जन्मला. ही माणसं काय आपल्याला परकी आहेत? ते हसले आणि सहमतीच्या फॉर्मवर सही केली. इमामसाहेबांची आयत मी त्यांना सांगितली नाही. ती आता इथे लिहिते आहे.

आणि कोल्हापूरकरांना आणखी एक गोष्ट सांगायची तर अंबाबाईच्या देवळाची. इंग्रजांच्या काळात भारतात फिरायला येणाऱ्यांसाठी ‘मरे’ कंपनीचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक असायचं. त्यात कोल्हापूरच्या पानावर अंबाबाईच्या देवळातल्या मोठ्या घंटेची नोंद आहे. तिच्यावर लॅटिन अक्षरं कोरलेली आहेत आणि ती मरियमला केलेल्या सलामाची, कॅथलिक लोक रोज म्हणतात त्या प्रार्थनेची आहेत, असं ते पुस्तक सांगतं. घंटा पोर्तुगीजांकडून आलेली असणार, १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली तेव्हाची, असा त्याचा अंदाज. चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या हे तर सर्वांना ठाऊक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर १७०७ सालची, साडेसहाशे किलोंची एक आहे, आणि तिच्यावर बाळ ईसाला घेतलेल्या मरियमचं चित्र आहे. बीएडच्या वर्षी आमची सहल तिथे गेली होती. मैत्रिणी नदीत पाय सोडून बसल्या होत्या आणि मी त्या घंटेखाली उभी राहून वर बघत होते. मरियमच्या नावाची अख्खी सूरह आमच्याकडे आहे. घाटावर, महादेवाच्या देवळाशेजारी ती भेटेल असं वाटलं नव्हतं.

वसईच्या किल्ल्यातली चर्चं आजही छपराविना उभी आहेत. तिथल्या मुलाने ‘किने तोड्या’ विचारलं तर उत्तर सोपं नाही. तिथे लढाई झाली होती, दोन्ही बाजूंची माणसं मेली होती. पण तिथेही भिंती पाडल्या त्या लढाईने कमी आणि नंतरच्या पावसाळ्यांनी जास्त. आता कधी कधी कोणी म्हणतं, घंटा परत द्या. कोणी म्हणतं, विजयाची खूण आहे, देणार नाही. मला दोन्हीत पडायचं नाही. जिथे रोज हात लागतो, तेल-पाणी होतं, तिथे घंटा बरी आहे. मनोऱ्याला मात्र कोणीतरी वर चढून बघणारं हवं.

आता जे लिहायचं म्हणून मी हे सगळं सुरू केलं, ते लिहिते.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीला एक जुना मिनार आहे. फार मोठा नाही, चाळीसेक फूट. खाली काळा दगड, वर वीट, सगळं चुन्यातलं. २००८ मध्ये जमातीने नूतनीकरण काढलं. मिनाराचा जुना गिलावा काढायचा, सिमेंटचा नवा करायचा, वर चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवायच्या. मीटिंगमध्ये अब्बा एकटे विरोधात बोलले. म्हणाले, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा थर दिला तर आतलं पाणी आतच राहील. जुनी वीट पाणी पिते आणि सोडते. तिचं तोंड बंद केलं की क्षार आत साठतात आणि विटेचं तोंडच सोलून काढतात. लोकांनी ऐकून घेतलं. म्हातारा माणूस, जुनं काम, जुन्या गोष्टी. एकजण हसून म्हणाला की चाचांना त्यांच्या घाणीचं काम पाहिजे. मीटिंग संपली.

वर्गणीचं पत्रक मी लिहिलं. एका बाजूला मराठी, एका बाजूला उर्दू. मोहल्ल्यात असं काही लिहायचं असलं की माझ्याकडे येतात, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. ‘आधुनिक’, ‘टिकाऊ’, ‘पुढील पन्नास वर्षांची निश्चिंती’ असे शब्द मी त्यात घातले. अब्बांचं म्हणणं मला माहीत होतं. तुळईच्या टोकाची गोष्ट मला पाठ होती. पण मलाही तेव्हा वाटलं की टाइल्स लागल्या की आपली मशीद छान दिसेल, बाहेरून येणारा म्हणेल की हे लोकही आता सुधारले. हेही खरंच आहे. पत्रकाची छापील प्रत अब्बांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचली. "उर्दू अच्छी है," म्हणाले.

चौथ्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या बाजूला टाइल्स फुगल्या. अब्बा नमाजला जाता-येता वर बघायचे. घरी येऊन काही बोलायचे नाहीत. मी विचारलंही नाही. २०१४ मध्ये ते गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला, आमच्या गल्लीत पाणी शिरलं, मिनाराच्या पायथ्याशी सहा दिवस साचलं. ओसरल्यावर तिसऱ्या आठवड्यात, फजरच्या अजानला थोडा वेळ असताना, दारावरच्या चटईएवढा एक थर टाइल्ससकट खाली आला. खाली एका मोटारसायकलीची टाकी चेपली. दहा मिनिटांनी तिथून पंधरावीस माणसं जाणार होती. पडलेल्या तुकड्याच्या मागे विटेचे पापुद्रे चिकटून आले होते, जसे अब्बांनी सांगितले होते. त्यावर पांढरी भुकटी. मी बोटाने जिभेला लावून बघितली. खारट.

किने तोड्या? त्या मिनाराला कुणी हात लावला नव्हता. आम्हीच, वर्गणी काढून, पावत्या फाडून.

त्यानंतर मिनाराला लोखंडी जाळी लावली आणि विषय पुढे ढकलला गेला, कोरोना आला, २०२१ चा पूर आला. मागच्या सप्टेंबरात मी एक बातमी वर्गात वाचून दाखवली आणि त्यातून हे पुन्हा सुरू झालं. इराकमधल्या मोसुलची बातमी. तिथल्या अल-नूरी मशिदीचा मिनार बाराव्या शतकातला, ४५ मीटरचा, शतकानुशतकं एका बाजूला झुकलेला. लोक त्याला ‘अल-हदबा’ म्हणायचे, म्हणजे कुबडा. २०१७ च्या रमजानमध्ये दाएशवाल्यांनी तो सुरुंग लावून उडवला. कलमा म्हणणाऱ्यांनी रमजानमध्ये मशीद उडवली, हे मुलांना समजावून सांगणं सोपं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी डॉमिनिकन पाद्र्यांच्या ‘अल-साआ’ चर्चची नासधूस केली होती. त्या चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर घड्याळ होतं, फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिची भेट. सगळं शहर त्यावर वेळ बघायचं म्हणून चर्चचं नावच घड्याळावरून पडलं. उर्दूतली ‘साअत’ ती हीच.

(इथे मुलांशी थोडं विषयांतर झालं, ते मला आवडलं म्हणून लिहिते. अरबीत ‘साआ’ म्हणजे घड्याळ आणि तासही. हिंदीत ‘घंटा’ म्हणजे तास. आणि मराठीत ‘तास’ म्हणजे मुळात तो ठोकायची काशाची थाळी, फारसी ‘तास’ म्हणजे वाटी किंवा थाळी, तिथून आलेली. वेळ मोजायला सगळ्यांनीच काहीतरी धातू वाजवला. आमच्या शाळेत रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला आहे. शिपाईमामा तो लोखंडी सळईने वाजवतात आणि त्याला आम्ही घंटाच म्हणतो.)

तर मोसुलमध्ये युनेस्कोने मशिदीचा मिनार आणि चर्चचा मनोरा एकाच प्रकल्पात हाती घेतले. पैसा संयुक्त अरब अमिरातीने दिला. मातीच्या ढिगाऱ्यातून मिनाराच्या हजारो मूळ विटा निवडून काढल्या आणि पुन्हा वापरल्या. तिथल्या तरुणांना दगडकाम, वीटकाम शिकवून त्यांच्याकडून करून घेतलं. १ सप्टेंबर २०२५ रोजी उद्घाटन झालं. सगळ्यात मला काय पटलं सांगू? त्यांनी मिनार सरळ केला नाही. शहराला जसा आठवत होता तसा, झुकलेलाच बांधला.

त्या मजकुराची उर्दू प्रत मी जमातीच्या सदरसाहेबांना पाठवली, सोबत दोन ओळी लिहिल्या की २००८ चं पत्रक माझं होतं आणि त्यातलं चुकीचं होतं, मला माहीत असून मी लिहिलं. उत्तर आठ दिवसांनी आलं. "आपके अब्बा का चुनेवाला कोई है क्या अभी?"

शोधायला तीन महिने गेले. चुन्यात काम करणारे उरलेत थोडे, आणि जे आहेत ते किल्ल्यांच्या, देवळांच्या कामांवर असतात. शेवटी पन्हाळ्याकडचे एक मिस्त्री आले, साठीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी आधी मिनाराकडे बघितलंच नाही, चहा प्यायले. मग खिशातून छोटी लाकडी हातोडी काढली आणि खालपासून ठोकत शिडीवर चढायला लागले. ठक, ठक, ठक. कान भिंतीला लावून. मडकं घेताना बायका वाजवून बघतात तसं. वरच्या भागात आवाज फुटल्यासारखा यायला लागला.

"बद्द बोलतंय बघा, मॅडम," ते वरून म्हणाले. "हे सगळं सुटलंय. हात लावला की येतंय. सिमेंट समदं काढायला लागंल, पर हळू, छिन्नीनं. मशीन लावली तर वीट बी येईल."

मी अब्बांच्या पत्र्याच्या पेटीतला पितळी ओळंबा बरोबर नेला होता. त्यांनी तो वरच्या खिडकीतून सोडला. खाली पायथ्याशी चार बोटं अंतर पडलं. सदरसाहेब घाबरले. मिस्त्री म्हणाले, हे आत्ताचं न्हाई, पहिल्यापासूनचं असणार, चरे नाहीत कुठं. असू दे.

उतरताना पायथ्याच्या पूर्वेकडे ते थांबले. तिथे चार फुटांचा एक पट्टा आहे, २००८ मध्ये टाइल्स कमी पडल्या म्हणून राहिलेला. तो त्यांनी दोनदा ठोकून बघितला, मग तळहाताने घासला.

"हे कुणी केलंय?"

१९८६ मध्ये तिथे ओल आली होती, तेव्हा अब्बांनी केलं होतं. मी पहिलीत होते, शाळा सुटली की गूळ-पाण्याची बादली धरून उभी राहायचे. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, परत एकदा ठोकलं आणि पुढे गेले.

चुना आत्ता भिजत घातला पाहिजे, म्हणतात. पावसाळाभर हौदात मुरला तर दिवाळीनंतर काम धरता येईल, उन्हाचा कडाका आणि पाऊस दोन्ही टाळून. खर्च सिमेंटच्या दुप्पट, वेळ चौपट. ईदनंतरच्या रविवारी मीटिंग आहे. पत्रक पुन्हा मीच लिहिते आहे. मराठी बाजू झाली, उर्दू बाजू अर्धी आहे. ‘टिकाऊ’ हा शब्द यावेळी घातलेला नाही. दर पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढून बघायचं, त्यासाठी वर्षाला किती पैसे बाजूला ठेवायचे, तेवढं लिहिलं आहे.